किती कमी झालं?

साठ दिवसांचा घरगुती व्यायामाचा कार्यक्रम पुरा केला, असं आमच्या रायपुरात कुणालाही सांगून बघा. चौबे कॉलनीतल्या मराठी घरात विचारतात, "किती कमी झालं?" बाजूच्या हिंदी घरात, "कितना कम हुआ?" आणि कामाला येणारी छत्तीसगढ़ी बाई लादी पुसता पुसता, "कतका कम होइस, दीदी?" तीन भाषा, प्रश्न एक. काय कमी झालं हे बोलावंच लागत नाही. दम किती टिकतो, झोप कशी लागते, भाजीच्या पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढताना मध्ये थांबावं लागतं का, रक्तातली साखर किती आली, यातलं एकही कुणी विचारत नाही. विचारतात ते किलो.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. आळसामुळे जितक्या लोकांचा व्यायाम सुटला नसेल तितक्यांचा या प्रश्नामुळे सुटला, असं माझं मत आहे. माणूस दोन महिने पहाटे उठतो, घाम गाळतो, आपण पूर्वीसारखे राहिलो नाही हे त्याला स्वतःला कळत असतं, आणि मग तो काट्यावर उभा राहतो. काटा म्हणतो, दोन किलो. घरचे म्हणतात, एवढंच? एकसष्टाव्या दिवशी तो उठत नाही.

मी असा एक कार्यक्रम वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एकही दिवस न गाळता पुरा केला. माझा आकडा पावणेदोन किलो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटते तिची आता सवय झाली आहे. पण त्या दयेमागे जो हिशेब आहे तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे एकदा आकड्यांनिशी मांडायला हवं. कारण आपल्या समाजात तरी त्याची किंमत काट्यावर न दिसणाऱ्या आजारांनी मोजावी लागते.

आधी या कार्यक्रमांविषयी. या जातीच्या कार्यक्रमांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे 'इन्सॅनिटी'. नावाचाच अर्थ वेडेपणा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बीचबॉडी कंपनीने डीव्हीडींच्या संचात तो विकायला काढला. शिकवणारा शॉन टी. साठ दिवस, आठवड्याचे सहा दिवस, पहिल्या महिन्यात रोज चाळीसेक मिनिटं, दुसऱ्यात तासाच्या आसपास. डंबेल नको, यंत्र नको, फक्त जमीन आणि आपलं शरीर. एरवीच्या पद्धतीत जोर थोडा वेळ आणि विश्रांती पुष्कळ. इथे त्याच्या उलट. काही मिनिटं जीव तोडून उड्या, बैठका, जोर, धावणं, मग अर्धा मिनिट दम खायचा, की पुन्हा सुरू. पंधरा-पंधरा दिवसांनी स्वतःची परीक्षा घ्यायची : एका मिनिटात किती होतात ते मोजून लिहून ठेवायचं. पुढे याचीच पिल्लं निघाली. २०२० च्या टाळेबंदीत क्लोई टिंगच्या दोन आठवड्यांच्या फुकट व्हिडिओंनी जगभरच्या बैठकीच्या खोल्या हादरवल्या, त्यात रायपूरच्याही होत्या.

व्यायाम म्हणून यात खोट काढायची तर तरुण, धडधाकट माणसापुरती फारशी निघत नाही. हृदय कामाला लागतं, मांड्यांना ताकद येते, पैसा लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या, रक्तदाब असणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने डॉक्टरला न विचारता त्यात उडी घेऊ नये, हे त्यांच्या सूचनांमध्येही असतं आणि कुणी वाचत नाही, तो भाग वेगळा. खोट आहे ती दुकानाच्या पाटीत. आत विकला जातो तो व्यायाम आणि पाटीवर असतात दोन फोटो : 'आधी' आणि 'नंतर'. आधीच्या फोटोत पोट सुटलेलं, खांदे पडलेले, उजेड कमी. नंतरच्या फोटोत सगळं उलट, तोंडावर हसूसुद्धा. दोन फोटोंच्या मधल्या साठ दिवसांत तो माणूस काय आणि किती जेवला, हे पाटीवर नसतं.

हिशेब सोपा आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. सत्तर किलोंच्या माणसाने चाळीस-पंचेचाळीस मिनिटं असा जोरकस व्यायाम केला तर खर्च होतात चारशेच्या आसपास. आठवड्याला सहा दिवस धरले तर साठ दिवसांत पन्नास-एक्कावन्न दिवस होतात. म्हणजे वीस हजार कॅलरी, म्हणजे अडीच किलोंच्या जरा वर. तेही व्यायामानंतर एक घास जास्त खाल्ला नाही तर. आणि जयस्तंभाजवळच्या कुठल्याही टपरीवरच्या एका समोशात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. तेव्हा माझे पावणेदोन किलो हा पराभव नाही, गणित आहे. खरं तर उत्तर बरोबर आल्याबद्दल मला मार्क मिळायला हवेत.

शरीरही या हिशेबात आपली लबाडी करतं. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, दिवसभर पायपीट करतात. हर्मन पाँट्झर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यांची दिवसभरात खर्च होणारी ऊर्जा मोजून दाखवली, तेव्हा शरीराच्या आकारमानाचा हिशेब लावल्यावर ती खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसापेक्षा जास्त भरली नाही. शरीर एका बाजूला खर्च वाढला की दुसऱ्या बाजूला काटकसर करतं, अगदी आपल्या आईसारखी. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या टीव्ही स्पर्धेची गोष्ट याहून कडू आहे. लठ्ठ स्पर्धक आठवड्यांमागून आठवडे दिवसाचे तासन्‌तास व्यायाम करून आणि जेवण तोडून झपाट्याने वजन उतरवत. केव्हिन हॉल यांनी त्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या त्या माणसांच्या अंगावर सरासरी ४१ किलो परत चढले होते, आणि नुसतं बसून असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला पाचशेच्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं. ज्यांना सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या त्यांची ही कथा.

म्हणजे वजन हा मुख्यतः स्वयंपाकघराचा विषय आहे. मराठी घरांना हे सांगण्याची गरज नसावी. काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीने आणि ऋजुता दिवेकरांच्या थोड्या थोड्या वेळाने खाण्याच्या सल्ल्याने आपल्याकडे घराघरात दोन पक्ष पाडले होते. लग्नाच्या पंगतीत माणसं हात आखडून बसत, नि का ते पाच मिनिटं समजावून सांगत. पण त्या भांडणाचाही विषय ताटच होता. दीक्षितांनी पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगितलंय, हे त्यांच्या किती अनुयायांना आठवतं? दोन वेळा जेवणारे मला शंभर भेटले, रोज साडेचार किलोमीटर चालणारे बोटांवर मोजण्याइतके. पु. लं.नी 'बटाट्याची चाळ'मधल्या 'उपास'मध्ये वजन उतरवायला निघालेल्या माणसाला अख्ख्या चाळीचे सल्ले ऐकायला लावले. चाळी गेल्या, सल्ले राहिले, आणि ते आजही आहारावरच आहेत.

आणि आता तर सुयाही आल्या. २०२५ मध्ये मौंजारो आणि पाठोपाठ वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात विकायला आली. वेगोव्हीतल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांनी उतरलं. सत्तर किलोंच्या माणसाला हे दहा-साडेदहा किलो. साठ दिवस उड्या मारून कुणी या सुईशी पैज लावू नये. पण ही सुई चरबीबरोबर स्नायूही नेते आणि स्नायू परत देणारी सुई अजून बाजारात नाही. त्यासाठी जमिनीवर हात टेकावेच लागतात. मला तर वाटतं, या इंजेक्शनांनी व्यायामावर उपकारच केले. जे काम त्याला कधीच नीट जमलं नव्हतं त्या कामातून त्याची सुटका केली.

मग व्यायाम कशासाठी? इथे आपल्याच माणसाचं उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा : २२.३. काट्याच्या दृष्टीने दोघंही चांगले सडपातळ. मग दोघांच्या अंगातली चरबी मोजली. युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दुपटीहून जास्त. काट्याने दोघांना एकच प्रमाणपत्र दिलं होतं. डॉ. याज्ञिक आयुष्यभर सांगत आले आहेत ते हेच : आपली शरीरं वरून बारीक दिसतात आणि आतून चरबी साठवतात, तीही पोटाच्या आत, यकृताभोवती, जिथे ती जास्त नुकसान करते.

आपल्या ओळखीची ही माणसं आहेत. सडसडीत हातपाय, शर्टाच्या खाली छोटंसं टणक पोट. मंत्रालयात किंवा वीज कंपनीच्या कार्यालयात बसतात, संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या मरीन ड्राइव्हवर फेरी मारतात आणि फेरीपेक्षा जास्त वेळ चाटच्या गाडीपाशी उभे असतात. त्यांना कुणी 'किती कमी झालं' विचारत नाही, कारण त्यांनी काही कमी करायला हवं असं कुणालाच वाटत नाही. पंचेचाळिशीत एका सकाळी रक्ताचा अहवाल येतो आणि घर हादरतं : "अहो, पण हे तर किती बारीक आहेत!" देशभरच्या आयसीएमआर-इंडियाबी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बघा. वजनावरून लठ्ठ ठरणारे २८.६ टक्के, पोटाच्या घेरावरून लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे काट्याने निर्दोष सोडलेली माणसं.

काटा उलट बाजूनेही खोटं बोलतो, आणि माझ्या मते हे जास्त वाईट. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांवर प्रयोग केला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचाच सल्ला, दुसऱ्याला आहारात सुधारणा आणि रोज अर्धा तास झपाझप चालणं. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्यातल्या ३९.३ टक्क्यांना. आणि दुसऱ्या गटाचं वजन? म्हणण्यासारखं उतरलंच नाही. हे वाक्य रायपूरच्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावं. वजन उतरलं नाही आणि तरी शंभरातले सोळाजण वाचले. त्या सोळाजणांना आपण रस्त्यात भेटलो असतो तर काय विचारलं असतं? हेच : किती कमी झालं? त्यांनी सांगितलं असतं, काहीच नाही. आपण म्हटलं असतं, मग सोडा ना हे, कशाला उगाच दमता.

या प्रश्नाला आपण जितका सनातन समजतो तितका तो नाही. मराठीला विचारा. मूल बाळसं धरतं. आजारातून उठलेल्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. पुढारी वजनदार असतो आणि सोयरीक खात्यापित्या घरची बघतात. आपल्या आजोबांच्या तालमीत पोरं जायची ती वजन वाढवायला. दूध, बदाम आणि जोर-बैठका एकाच वाक्यात यायचे. शरीर भरावं, अंगात बळ यावं, यासाठी व्यायाम. तो उतरवण्याच्या कामाला जुंपला गेला तो अगदी अलीकडे, घरात खायला भरपूर आणि हलायला काहीच नाही अशी दोन-तीन पिढ्यांची अवस्था झाल्यावर.

घरबसल्या व्यायामाचा कार्यक्रम मात्र नवा नाही, आणि तो आपल्याकडे पहिल्यांदा अमेरिकेतून आला असंही नाही. युजेन सँडो नावाचा पहिलवान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून आपली पुस्तकं, डंबेल्स आणि टपालाने शिकवणी विकत होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्याचे असेच एक गिऱ्हाईक. १८९७ च्या सुमाराला त्यांनी सँडोची साधनं आणि पुस्तक मागवलं आणि दहाएक वर्षं नेमाने तो व्यायाम केला. मग ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढे गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, बायकांनीही घालावेत असा आग्रह धरला, १९२८ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, आणि १९३८ मध्ये लंडनहून 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने ते विलायतेतल्या घरांत गेलं. म्हणजे टपालाने आलेला व्यायाम चाळीस वर्षांनी टपालानेच परत गेला, नवा होऊन.

पंतप्रतिनिधींचे दावेही काही कमी नव्हते. रोग जातील, आयुष्य वाढेल, मंत्रांनी आतली इंद्रियं जागी होतील. मला ते सगळे पटत नाहीत आणि आजच्या योगदिनांच्या भाषणांत ते पुन्हा गरम करून वाढले जातात तेव्हा आणखी कमी पटतात. पण दोन गोष्टी त्यांच्या कार्यक्रमात नव्हत्या, आणि त्या नसणं मला मोलाचं वाटतं. त्यात काटा नव्हता, आणि त्यात साठावा दिवस नव्हता. पंतप्रतिनिधींनी नमस्कार 'पुरे' केले नाहीत. १९५१ मध्ये ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले, तोवर नमस्कार हा कार्यक्रम नव्हता, दात घासण्यासारखी दिवसातली एक गोष्ट होती. "दात घासण्याचा साठ दिवसांचा कोर्स पुरा केला," असं कुणी म्हटलं तर आपण त्याच्या तोंडापासून लांब उभे राहू.

परदेशी उड्या कशाला, आपले बारा नमस्कार पुरेत, असं म्हणणाऱ्यांसाठी वरचा परिच्छेद लिहिलेला नाही, हेही सांगून टाकते. बारा नमस्कार चार मिनिटांत होतात. पंतप्रतिनिधी शेकड्यांत बोलत. परंपरेचं नाव घ्यायचं आणि आकडा आपल्या सोयीचा लावायचा, हा आणखी एक मराठी व्यायामप्रकार.

आता घर. हे कार्यक्रम 'घरी करा' म्हणतात तेव्हा घर म्हणजे मोकळी लाकडी जमीन, मोठी खिडकी, कुणी हाक मारत नाही अशी जागा, असं गृहीत धरलेलं असतं. रायपूरचं घर असं : दोन खोल्यांचा फ्लॅट, गुळगुळीत टाइल्स, खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं. उडी मारली की त्यांचा पंखा हलतो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस गाठतो. बंद खोलीत कूलर लावला तर हवा इतकी ओली होते की घाम वाळतच नाही, आणि बंद केला तर जीव जातो. गच्चीवर जावं म्हटलं तर शहराच्या उत्तर अंगाला उरला-सिलतराचे स्पंज आयर्नचे कारखाने. बिरगावकडच्या गच्चीवर पहाटे दहा जोर काढा आणि तळहात बघा. नुकतंच अंगठा उठवून आल्यासारखे काळे. लोक घरात व्यायाम करतात ते हौसेने कमी आणि बाहेरची हवा छातीत भरवत नाही म्हणून जास्त. ती हवा सुधारण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांना मात्र कुणी विचारत नाही, किती कमी झालं.

आणि वेळ? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात असं निघालं. घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ९७. हा 'घरकाम करणाऱ्या' शब्द नीट वाचा. सव्वीसच टक्के पुरुष त्यात मोडत होते. पुरुषाने साठ दिवसांचा कार्यक्रम धरला की घर त्याच्याभोवती फिरतं : बाबा व्यायाम करताहेत, टीव्ही लावू नका, त्यांना अंडी उकडून ठेवा, पाणी गरम करा. बाईने धरला की तिने पाचला उठून, दूधवाला यायच्या आत, कुणाची झोप मोडणार नाही अशा उड्या मारायच्या. मी पुष्कळ शोधलं, आवाज न होणारी उडी अजून सापडलेली नाही.

यावर ठेवणीतलं उत्तर तयार असतं : बायकांना कशाला वेगळा व्यायाम, घरकाम हाच व्यायाम. मी हे डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. घरकामाने पाठ दुखते, गुडघे झिजतात, दिवस संपतो, पण धाप लागत नाही, आणि हृदयाला हवी असते ती धाप. हे वाक्य खरं असतं तर पोळ्या लाटणाऱ्या बायकांना मधुमेह झालाच नसता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पोटाचा घेर मोजला तेव्हा देशातल्या ४० टक्के बायका त्यात सापडल्या, पुरुष १२ टक्के. हे तीनशे मिनिटं रोज 'व्यायाम' करणाऱ्यांचं पोट आहे.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न उघडच लग्नाचा आहे. डिसेंबरात मुहूर्त असेल तर ऑक्टोबरात साठ दिवस सुरू. मुलगी जीव तोडून करते, आई ताटातला भात मोजते, आत्या आल्या-आल्या हनुवटी धरून बघते. लग्न होतं, 'नंतर'चा फोटो अल्बमात जातो, आणि व्यायाम तिथेच संपतो, कारण त्याचं काम झालेलं असतं. त्या मुलीला दोन महिन्यांत पहिल्यांदा वीस जोर मारता आले होते. हे कुणी अल्बमात लावलं नाही. चाळिशीत तिला ते वीस जोर लागणार आहेत, तो घेराचा लेहंगा नव्हे.

माझे पावणेदोन किलो सांगितले, तर बाकीचंही सांगते. बसल्या जागी नाडी मिनिटाला ब्याऐंशी होती, ती सत्तरवर आली. पहिल्या दिवशी गुडघे टेकूनही चार जोर होईनात, साठाव्या दिवशी गुडघे न टेकता सतरा झाले. कंबरेचा घेर पाच सेंटिमीटरने आत आला, वजनाच्या मानाने हे जास्तच म्हणायचं. आपल्याकडच्या बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं म्हणतात. मी अजून बाहेरच आहे. या तिन्हींपैकी एकही गोष्ट सांगायला सुरुवात केली की समोरचा माणूस मान डोलावतो आणि तोच प्रश्न थोडा फिरवून विचारतो : "पण वजनात किती?"

खरं तर धाप लागेल असा, घरातला, फुकटचा, बायकांचा व्यायाम आपल्याकडे होताच, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. मंगळागौर. झिम्मा, पिंगा, लाट्या, कोंबडा, बसफुगडी. नऊवारीत रात्रभर. बसफुगडी एक मिनिट घालून बघा आणि मग त्या अमेरिकन कार्यक्रमाचा पहिला दिवस करा; मांड्यांना फरक कळणार नाही. छत्तीसगढ़ी मुली जिला फुगडी म्हणतात ती बरीचशी आपली बसफुगडीच; उकिडवं बसून हातपाय आलटून पालटून पुढे टाकायचे. २०२२ मध्ये राज्य सरकारने छत्तीसगढ़िया ऑलिंपिक भरवलं, त्यात गेडी, पिट्टुल, भोवरा यांच्याबरोबर फुगडी होती आणि चाळिशीच्या पुढच्यांचा वेगळा गट होता. पन्नाशीच्या बायका पदर खोचून उकिडव्या बसल्या, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कुणीही त्यांना किलो विचारले नाहीत. विचारत होते, किती वेळ टिकली.

आमच्या शहरातल्या मराठी मंडळांकडे आणि महिला मंडळांकडे माझी मागणी साधी आहे. श्रावणात मंगळागौरीच्या कार्यक्रमासाठी तुम्ही महिना-पंधरा दिवस सराव करता. त्यासाठी सभागृह उघडता, पंखे लावता, साठीच्या काकू आणि विशीच्या सुना एकत्र घाम गाळतात, घरचेही त्या वेळात फोन करत नाहीत कारण ते 'कार्यक्रमाचं' आहे. मग कार्यक्रम होतो, फोटो निघतात, अल्पोपहार होतो आणि भाद्रपदात दाराला कुलूप. ते लावू नका. सकाळी साडेपाच ते साडेसहा, आठवड्यातले पाच दिवस, बारा महिने. शिकवायला कुणी बाहेरून आणायची गरज नाही, पंख्याचं बिल वर्गणीतून निघेल. वजनाचा काटा तेवढा आत आणू देऊ नका, आणि किल्ली कुणाकडे राहील ते याच बैठकीत ठरवा.